देवळातली मूर्ती परदेशात सापडली, तर ती आपलीच हे सिद्ध कसं करायचं?

माळरान:
गावच्या देवळात काळ्या दगडाची जुनी विष्णुमूर्ती आहे, अडीच फुटांची, आणि पितळेचे दोन मुखवटे. ट्रस्ट नोंदलेला आहे. उद्या चोरी झाली आणि मूर्ती परदेशातल्या लिलावात दिसली, तर परत मागायला काय लागेल? आत्ताच काय करून ठेवावं?

शिलापट:
आधी ट्रस्टचा शेड्यूल १ चा उतारा (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदवहीची नक्कल) काढा. जंगम मालमत्तेत बहुधा ‘मूर्ती व भांडी’ एवढंच लिहून ठोक किंमत टाकलेली असते. त्याचा तिकडे काडीचा उपयोग नाही. १९७० च्या युनेस्को करारात (भारत १९७७ पासून सामील) चोरीच्या वस्तूची मागणी टिकते ती संस्थेच्या नोंदीत असलेल्या वस्तूवर. म्हणून प्रत्येक मूर्तीची वेगळी नोंद करा आणि चेंज रिपोर्ट (नोंदीतल्या बदलाचा अर्ज) धर्मादाय कार्यालयात देऊन ती उताऱ्यावर चढवून घ्या.

‘चतुर्भुज विष्णू’ एवढं लिहून भागत नाही. विष्णूची चोवीस रूपं शंख-चक्र-गदा-पद्माच्या क्रमावरूनच ओळखतात, तेव्हा कोणत्या हातात काय ते लिहा. मापं मिलिमीटरमध्ये, मुखवट्यांचं वजन ग्रॅममध्ये. सगळ्यात मोलाचं म्हणजे व्यंग: नाकाचा टवका, तुटलेलं बोट, प्रभावळीची भेग. एकाच घडणीच्या दोन मूर्ती असू शकतात, पण टवका त्याच जागी तसाच दोन्हींना नसतो.

फोटो पोशाख-हार उतरवून, अभिषेकानंतर दगड पूर्ण सुकल्यावर काढा. ओला दगड चमकतो, बारीक कोरीव काम दिसत नाही. फ्लॅश नको, बॅटरीचा उजेड एका बाजूने तिरका टाका. शेजारी मोजपट्टी ठेवा, पाठीचाही फोटो घ्या. मूळ फाइल जपा, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तारखेची माहिती उरत नाही.

दप्तरी:
तारीख फार महत्त्वाची. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये ५० लाख अमेरिकी डॉलरना घेतला. मूर्ती कित्येक दशकांपूर्वीच भारताबाहेर गेली, असं विक्रेत्याचे कागद सांगत होते. पण त्यानंतरच्या काळातले, देवळातच काढलेले तिचे फोटो पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे निघाले आणि ते कागद खोटे ठरले. २०१४ मध्ये नटराज परत आला.

चोरी कळली की त्याच दिवशी एफआयआर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये प्रार्थनास्थळातल्या मूर्तीची चोरी स्पष्ट नमूद आहे, ते कलम लावून घ्या. फोटो आणि मापं एफआयआरला जोडा. इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत गावाला थेट नोंद करता येत नाही, ती सीबीआयमार्फत जाते. पोलीस ठाण्यातून कागद पुढे सरकला का, याचा लेखी पाठपुरावा करत राहा.

माळरान:
शेजारच्या मारुतीवर शेंदराचं जाड कवच आहे. फोटोसाठी खरवडू का?

शिलापट:
अजिबात नको! खरवडताना दगडाचा पापुद्राही निघतो. आहे तसेच फोटो आणि मापं घ्या. कवच काढायचंच असेल तर पुरातत्त्व खात्याच्या रसायन शाखेला विचारा. मुखवटेही घासू नका, कोरीव रेषा झिजतात.

आणखी एक. शंभर वर्षांहून जुन्या दगडी आणि धातूच्या मूर्तींची १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणी करावी लागते, तो अर्ज द्या. सगळ्या कागदांचा एक संच देवळाबाहेर, तालुक्याच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. देवळात चोरी झाली की कपाटातलं दप्तरही जाऊ शकतं.