आर्मस्ट्राँग आडनाव: आयरिश, स्कॉटिश की इंग्रज?

तापीकाठ (प्रश्न)

एका अँग्लो-इंडियन कुटुंबाची वंशावळ जुळवायचं काम हाती घेतलंय. आडनाव आर्मस्ट्राँग. आता सगळे ऑस्ट्रेलियात आहेत. हाताशी एवढंच आहे:

१८८९ साली भुसावळला अँग्लिकन चर्चमध्ये झालेल्या लग्नाची नोंद. नवरा जी.आय.पी. रेल्वेत फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारा), वय २४. वडिलांचं नाव आहे, पण गाव किंवा देश काहीच नाही.

घरात पिढ्यानपिढ्या सांगतात, 'आपण आयरिश.' आडनावाच्या ढाली (घराण्याचं मानचिन्ह) विकणाऱ्या एका वेबसाइटवर 'स्कॉटिश क्लॅन' (कुळ) लिहिलंय. आणि एका नातवाने डीएनए चाचणी केली तर 'उत्तर इंग्लंड' आलं. तिघांत खरं कोण? आणि भुसावळच्या मागे जायचं तर पुढचा कागद कोणता शोधावा? त्यांना ती ढाल फ्रेम करून भिंतीवर लावायची आहे, तेही चालेल का सांगा.

सरहद्द

तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आर्मस्ट्राँगांच्या बाबतीत तर बहुधा असतंच.

हे आडनाव इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचं. अगदी जुन्या नोंदींपैकी एक १२३५ ची, कार्लाइलची, म्हणजे सीमेच्या इंग्रज बाजूची: अ‍ॅडम आर्मस्ट्राँग नावाच्या माणसाला एका मनुष्यवधाबद्दल माफी मिळाली. पुढे घराण्याचं बळ जमलं ते स्कॉटिश बाजूला, लिडेल नदीच्या खोऱ्यात, म्हणजे लिड्सडेलमध्ये. मुख्य घर मँगर्टनचं. तिथून एस्क नदीकाठी लँगहम, कॅनन्बी, आणि सीमा ओलांडून ब्यूकॅसलपर्यंत हे लोक पसरले. एस्क आणि सार्क या नद्यांमधला पट्टा तर १५५२ पर्यंत कोणाचाच नव्हता. दोन्ही राज्यं त्यावर हक्क सांगायची. त्या साली मधोमध चर खणून, बांध घालून वाटणी केली. तेव्हा 'स्कॉटिश की इंग्रज' हा प्रश्न सोळाव्या शतकातल्या आर्मस्ट्राँगला विचारला असता तर त्याने सोयीप्रमाणे उत्तर दिलं असतं.

धंदा गुरं वळवून नेण्याचा. त्यांना 'रीव्हर' म्हणत. दोन्हीकडचे राजे जेरीस आलेले. १५३० मध्ये पाचव्या जेम्सने गिलनॉकीच्या जॉनी आर्मस्ट्राँगला साथीदारांसह कार्लनरिगला फासावर चढवलं. १५९६ मध्ये किनमाँट विली आर्मस्ट्राँगला इंग्रजांनी तहाच्या दिवशी पकडलं, म्हणून बक्लूच्या, स्कॉट आडनावाच्या सरदाराने कार्लाइलच्या किल्ल्यात घुसून त्याला सोडवलं. यावरून एलिझाबेथ राणी भयंकर संतापली होती.

मग १६०३. राणी गेली, सहावा जेम्स दोन्हीकडचा राजा झाला आणि सीमा उरलीच नाही. ज्या फटीत हे लोक जगत होते ती फटच बुजली. फाशी, हद्दपारी, जमिनी जप्त. १६१० मध्ये मँगर्टनचा लेर्ड (स्कॉटिश जमीनदार) बंडखोर जाहीर झाला, जमिनी बऱ्याचशा स्कॉट घराण्याकडे गेल्या. नेमक्या त्याच काळात, १६०९ पासून, उत्तर आयर्लंडमध्ये अल्स्टरची वसाहत सुरू झाली. आर्मस्ट्राँग, एलियट, जॉन्स्टन, निक्सन, क्रोझियर ही सगळी सीमेवरची नावं झुंडीने फर्मॅना काउंटीत दिसू लागतात, ती यामुळे. जे गेले नाहीत त्यांतले बरेच पुढे कंबरलँड, नॉर्थंबरलँड, न्यूकॅसलच्या खाणी-कारखान्यांकडे सरकले.

म्हणजे तुमचं कुटुंब 'आयरिश' असेल तर बहुधा फर्मॅनाचं, त्याआधी सीमेवरचं. डीएनएमधलं 'उत्तर इंग्लंड'ही त्यातच बसतं. लिड्सडेल आणि ब्यूकॅसल यांच्यात एक टेकडी आहे, आणि चाचणी कंपन्यांना ती दिसत नाही.

दप्तरी

सरहद्द यांनी चित्र छान मांडलंय, पण वंशावळीत वरून खाली उतरू नका. मँगर्टनपासून सुरुवात केली की भुसावळला कोणालाही जोडता येतं. १८८९ पासून एकेक पिढी मागे जा.

फायरमनचं वय २४, म्हणजे जन्म १८६५ च्या मागेपुढे. आधी त्याचा बाप्तिस्मा भारतात शोधा. मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सच्या 'एन/३' मालिकेत आहेत (बंगाल एन/१, मद्रास एन/२). स्कॅन फाइंडमायपास्टवर पैसे भरून मिळतात, सूची फॅमिलीसर्चवर फुकट. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या 'फिबिस' या संस्थेचा डेटाबेसही फुकट आहे, तोही चाळा. बाप मद्रास किंवा बंगालच्या पलटणीत असेल तर एन/३ मध्ये काहीच मिळणार नाही. तिन्ही पाहिल्याशिवाय 'नोंद नाही' म्हणू नका.

कुठल्या कागदावर काय मिळतं ते आधी माहीत असलं की मनस्ताप वाचतो. लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांची नावं, पण जन्मगाव नाही. बाप्तिस्म्यात आईचं पहिलं नाव असतं, माहेरचं नाही; पण बापाचा हुद्दा आणि पलटण असते, आणि तुम्हाला तेच हवंय. दफनाच्या नोंदीत वय, हुद्दा आणि मृत्यूचं कारण.

शोधताना गावांची जुनी स्पेलिंगं वापरा: किर्की, पूना, भोसावल. सूची करणाऱ्यांनी आडनावातही एखादं अक्षर गाळलेलं असतं. पूर्ण नाव टाकून सापडलं नाही तर पहिली तीन अक्षरं आणि पुढे तारांकन, असं शोधा.

बापाची पलटण कळली की रस्ता फुटतो. कंपनीच्या गोऱ्या फौजेत असेल तर 'एल/मिल' मालिकेतल्या रिक्रूटांच्या जहाजयाद्या आणि हजेरीपटं बघा. यादीत वय, धंदा, जन्मठिकाण असतं. राणीच्या फौजेत असेल तर लंडनला क्यूमधल्या नॅशनल आर्काइव्ह्जची 'डब्ल्यूओ ९७' मालिका, म्हणजे सेवामुक्तीचे कागद. पहिल्याच पानावर छापील ओळ असते: अमुक पॅरिश (एका चर्चखालचा गावांचा भाग), अमुक शहराजवळ, अमुक काउंटी. हीच ओळ तुमची भुसावळहून आयर्लंडला जाणारी गाडी.

एक मेख आहे. १८८३ पूर्वीच्या या मालिकेत फक्त पेन्शन घेऊन बाहेर पडलेल्यांचे कागद आहेत. नोकरीत मेलेल्याचे, पळून गेलेल्याचे किंवा पैसे भरून सुटका घेतलेल्याचे नाहीत. तशा माणसासाठी 'डब्ल्यूओ १२' ची हजेरीपटं पानापानाने चाळावी लागतात, आणि ती बरीचशी ऑनलाइन नाहीत.

घरच्यांना उगाच वाटू नये म्हणून सांगतो: भारतात सेवामुक्ती घेऊन इथेच राहणं आणि मुलांना रेल्वेत, तारखात्यात चिकटवणं ही त्या काळची अगदी नेहमीची वाट होती. रेल्वेच्या नोकरांची माहिती 'एल/एजी/४६' मध्ये आहे, मृत्यूनंतरच्या मालमत्तेचे कागद 'एल/एजी/३४' मध्ये.

तापीकाठ

दप्तरी साहेब, मनापासून आभार! बाप्तिस्मा एन/३ मध्येच मिळाला. बाप २७ व्या इनिस्किलिंग पायदळात कॉर्पोरल. डब्ल्यूओ ९७ मध्ये त्याच नावाचा, त्याच पलटणीचा माणूस आहे: अ‍ॅघलर्कर पॅरिश, लिसनस्की शहराजवळ, काउंटी फर्मॅना. भरती १८५४, वय १८, धंदा मजूर. २१ वर्षं नोकरी. पण त्याच्या बापाचं नाव कुठेच नाही. आता?

अल्स्टरवाली

वा, फर्मॅनाच! पण आधी एक खात्री करा. फर्मॅनात आर्मस्ट्राँग म्हणजे आपल्याकडे साताऱ्यात शिंदे. एकाच पलटणीत त्याच नावाचे दोघे असणं अजिबात नवल नाही. सेवामुक्तीच्या कागदावरचा पलटण क्रमांक (म्हणजे पलटणीतला त्या सैनिकाचा स्वतःचा नंबर) घ्या आणि हजेरीपटात बाप्तिस्म्याच्या तारखेला तोच माणूस त्याच छावणीत होता का ते जुळवा. जुळलं तर पुढे वाचा.

१८३६ च्या सुमाराचा जन्म. आयर्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी १८६४ ला सुरू झाली (बिगर-कॅथलिक लग्नं मात्र १८४५ पासून), म्हणजे चर्चशिवाय गत्यंतर नाही. इथे नवखे हमखास फसतात: पूर्वज स्कॉटिश म्हणून प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडचा मुख्य प्रोटेस्टंट पंथ) चर्च शोधत बसतात. फर्मॅनातले सीमेवरून आलेले लोक मोठ्या प्रमाणात चर्च ऑफ आयर्लंडमध्ये गेले. म्हणजे अँग्लिकन. भुसावळचं लग्नही अँग्लिकन आहे, ते याच्याशी जुळतं.

चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त वह्या डब्लिनच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात ठेवल्या होत्या आणि ३० जून १९२२ ला यादवीत फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या स्फोटात-आगीत खाक झाल्या. ज्या पॅरिशने वही आपल्याच तिजोरीत ठेवली तिची वाचली. कोणती वाचली याची यादी चर्च ऑफ आयर्लंडच्या डब्लिनमधल्या आरसीबी लायब्ररीने दिलेली आहे. मायक्रोफिल्म बेलफास्टच्या 'प्रोनी' या सरकारी दप्तरखान्यात. तिथे जाऊन पाहण्यासारखं बरंच आहे. सगळं घरबसल्या मिळेल ही आशा सोडा.

जनगणनेचंही तेच. आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची पूर्ण आहे, आधीचे फक्त तुकडे. पण तुमचं नशीब बघा, १८२१ च्या वाचलेल्या तुकड्यांत फर्मॅनाच्या अ‍ॅघलर्करचा भाग आहे! आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट दिसतो. सैनिकाचा जन्म १८३६, म्हणजे त्याचा बाप त्या यादीत मुलगा किंवा तरुण म्हणून असू शकतो. मात्र जोडणारा कागद मिळेपर्यंत 'शक्यता' एवढंच लिहा.

मधली दरी या क्रमाने भरा: टाइद अप्लॉटमेंट (१८२३ ते १८३७, शेतीवरचा चर्चचा कर), मग ग्रिफिथचं मूल्यांकन (१८४७ ते १८६४), मग त्याच्या पुढच्या दुरुस्तीवह्या, ज्या प्रोनीने ऑनलाइन टाकल्यात. यांत फक्त जमीन कसणाऱ्याचं नाव असतं, बायका-मुलं नाहीत. तुमचा माणूस मजूर होता, म्हणजे कुटुंबाच्या नावावर कदाचित झोपडी आणि परसच असेल. म्हणून पॅरिशवर थांबू नका, टाउनलँड शोधा. हे जमिनीचे छोटे तुकडे, देशभरात साठ हजारांहून जास्त. टाउनलँड कळला की चार आर्मस्ट्राँगांमधला आपला कोणता ते सुटतं.

एक कमी माहीत असलेली वाट: १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळू लागली. जन्मदाखले नव्हते, म्हणून अर्जदारांच्या वतीने १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत शोध घेतला गेला. ती जनगणना पुढे जळाली, पण शोधाचे अर्ज उरले. त्यांत आईबापांची नावं आणि टाउनलँड असतं. सैनिक भारतात राहिला तरी त्याचा एखादा धाकटा भाऊ किंवा बहीण गावातच म्हातारी झाली असेल तर तिचा अर्ज तुमचं काम करून जाईल.

मूळपुरुष

डीएनएबद्दल. टक्केवारीचा नकाशा विसरा, त्याने पॅरिश कळत नाही. दोन चाचण्या उपयोगी. ऑटोसोमल (आई-बाप दोघांकडून आलेला डीएनए बघणाऱ्या) चाचणीत जुळणाऱ्या नातलगांची यादी बघा आणि त्यांच्या झाडांत लिसनस्की, मॅग्वायर्सब्रिज, ब्रुकबरो ही गावं शोधा. पण चुलत भावंडांचं अंतर चौथ्या पिढीपलीकडे गेलं की खऱ्या नातलगाशीही जुळणी मिळेलच असं नाही. दुसरी वाय-डीएनए, बापाकडून मुलाकडे जाणारी. यासाठी थेट पुरुष वंशातला, आर्मस्ट्राँग आडनावाचाच माणूस लागतो. मुलीचा मुलगा चालत नाही. तुमचा तो 'नातू' कोणत्या बाजूचा आहे ते आधी विचारा.

वाय चाचणीची खरी गरज वेगळ्याच कारणाने आहे. अल्स्टरमधले सगळे आर्मस्ट्राँग सीमेवरून आलेले नाहीत. मॅक ट्रेनर या गेलिक आयरिश घराण्यातल्या आणि लॅव्हरींच्या एका शाखेतल्या काहींनी इंग्रजी अमलात 'आर्मस्ट्राँग' घेतलं, कारण त्यांच्या नावात 'बळकट' असा अर्थ होता. कागदावर हे दोन गट ओळखू येत नाहीत. कॅथलिक असणं ही एक खूण, पण धर्मांतरं दोन्ही बाजूंनी झाली. आणि आडनाव एक म्हणून रक्त एक असं तर मुळीच नाही; अमेरिकेतला कृष्णवर्णीय जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग, त्याचंही आडनाव तेच होतं.

सरहद्द

दोन गोष्टी राहिल्या.

अमेरिकन जुळण्या खूप येतील, घाबरू नका. अठराव्या शतकात अल्स्टरहून पेनसिल्व्हेनियाकडे मोठी लाट गेली. कार्लाइल नावाचं गाव तिथे कंबरलँड काउंटीत आहे. त्याची आखणी करणारा जॉन आर्मस्ट्राँग १७१७ मध्ये ब्रुकबरोत जन्मलेला, म्हणजे अ‍ॅघलर्करच्या शेजारचा. अमेरिकनांनी नेटवर टाकलेल्या झाडांत त्याला सरसकट मँगर्टनच्या लेर्डशी जोडलेलं दिसेल. पुरावा मागा. १६१० ते १७५० या काळात साध्या कुळांची नावं फक्त सैन्यहजेरीच्या आणि चुलीवरच्या कराच्या याद्यांत येतात. बाप-मुलाचं नातं त्यांत नसतं. ही दरी कागदाने ओलांडलेली कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी.

ढाल. आडनावाची ढाल ही चीजच नसते. ती एका माणसाला दिली जाते आणि त्याच्या वारसाकडे जाते. स्कॉटलंडमध्ये दुसऱ्याची ढाल स्वतःची म्हणून वापरणं कायद्याने गुन्हा आहे, आणि ते लॉर्ड लायन या ढालींच्या सरकारी अधिकाऱ्याचं न्यायालय बघतं. आर्मस्ट्राँग क्लॅनला मान्यताप्राप्त प्रमुख शतकानुशतकं नाही. शोभेची वस्तू म्हणून ऑस्ट्रेलियातल्या भिंतीवर टांगली तर कोणी पकडायला येणार नाही, पण खाली 'आमच्या घराण्याचं चिन्ह' लिहू नका. त्यापेक्षा डब्ल्यूओ ९७ चं पहिलं पान फ्रेम करा, ते निदान त्यांच्याच माणसाचं आहे.

तापीकाठ

पलटण क्रमांक टिपून ठेवलाय. हजेरीपटं क्यूमध्ये प्रत्यक्ष बघावी लागतील असं दिसतंय, तिथे शोध घेणारं कोणी मिळतं का बघतो. नातू मुलीकडचा निघाला, त्यामुळे वाय चाचणीसाठी मेलबर्नच्या पुतण्याला गाठायचंय.