कूलरच्या टाकीत सिट्रोनेला तेल घातल्यास डास थांबतील का?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)
पावसाळा लागला तरी उकाडा जात नाही, त्यामुळे आमचा कूलर अजून सुरूच आहे. डेंग्यूच्या धास्तीने शेजाऱ्यांनी टाकीच्या पाण्यात सिट्रोनेला तेलाचे (गवती चहासारख्या एका सुगंधी गवताच्या तेलाचे) थेंब घालण्यास सुचवले आहे. घरात दोन वर्षांची नात आणि एक मांजर आहे. या तेलाने अळ्या खरोखर मरतात, की नुसता वास येतो?

उत्तर १
वास येईल, तोही थोडाच वेळ. प्रयोगशाळेत या तेलाने अळ्या मरतात हे खरे, परंतु त्यासाठी पाण्यात त्याचे पुरेसे प्रमाण टिकावे लागते. कूलरमध्ये मात्र पंप तेच पाणी ताट्यांवर सोडत राहतो आणि पंखा त्यातले तेल हवेबरोबर खोलीत ओढून घेतो. शिवाय डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या कडेला अंडी चिकटवते, आणि ती कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही, आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून तिच्या कडा ब्रशने घासाव्या लागतात.

उत्तर २
नात आणि मांजर असताना मी तरी हे तेल कूलरमध्ये घालणार नाही. मांजराच्या यकृताला अशा तेलांमधील काही घटकांचा निचरा नीट करता येत नाही, आणि कूलरची हवा तर घरभर फिरते. ‘नैसर्गिक’ म्हणून डासांना दूर ठेवणारे लेमन युकॅलिप्टसचे मलमही नातीला लावू नका. तीन वर्षांखालील मुलांसाठी ते वर्ज्य सांगितले आहे.

उत्तर ३
वाळ्याच्या ताट्यांनी डास पळतात, असे आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात. वाळ्याच्या मुळांत नूटकाटोन हे डासांना दूर ठेवणारे द्रव्य असते आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2020 मध्ये डास व गोचिडांविरुद्ध त्याची नोंदणीही केली. तथापि मुळांत ते अत्यल्प असल्याने ताट्या गारव्यासाठीच घ्याव्यात. डासांसाठी खिडक्यांना जाळी आणि नातीला मच्छरदाणी बरी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. टाकी दर रविवारी घासू. गच्चीवर एक जुना, बंद कूलरही पडून आहे, त्याचे काय करावे?

उत्तर १
खरा धोका त्याचाच आहे, कारण त्यात पावसाचे पाणी साचते आणि तिकडे कोणी फिरकत नाही. टाकी घासून कोरडी करा व पालथी घाला, किंवा तो भंगारात द्या.