मदत हवी आहे: बागेतल्या दिव्यांसाठी २३० व्होल्ट बाहेर न्यावे की २४ वर भागेल?

फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या वाटेवर दिवे लावायचे आहेत. वाट साधारण ३० मीटर, मध्ये तीन पायऱ्या. आई-बाबा अंधार पडल्यावरही याच वाटेने ये-जा करतात आणि पायरीची कड त्यांना दिसत नाही, त्यामुळे हे काम आता लांबवायचं नाही. ५ वॅटचे सहा एलईडी दिवे धरलेत.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, २३० व्होल्टची केबल पाइपातून पुरू, प्रत्येक दिव्यापाशी जॉइंट मारून टेप गुंडाळू, एमसीबी आहे ना, काही होत नाही. मला हे पटत नाही. एमसीबी पडतो तो ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झालं तर. ओल्या मातीत उभ्या माणसाच्या अंगातून पन्नास-साठ मिलिअँपिअर करंट गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागला की सप्लाय तोडणारा स्विच) हवा. तो आमच्या बोर्डात नाही.

म्हणून ड्रायव्हर (२३० व्होल्टचे कमी व्होल्ट करून एलईडीला देणारा डबा) घरातच कोरड्या भिंतीवर लावून बाहेर फक्त १२ व्होल्ट न्यायचा विचार होता. पण १.५ चौरस मिमी तांब्याच्या केबलचा रेझिस्टन्स किलोमीटरला १२ ओहमच्या आसपास असतो. जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.७२ ओहम. ३० वॅटला १२ व्होल्टवर २.५ अँपिअर लागतात; सगळा लोड टोकाला धरला तर १.८ व्होल्ट वाटेतच जातात. २४ व्होल्ट घेतले तर करंट निम्मा, ड्रॉप ०.९ व्होल्ट. हिशेब बरोबर आहे ना? ड्रायव्हर घेताना काय बघावं? आणि मुख्य म्हणजे जॉइंटचं काय करायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

हिशेब बरोबर आहे, २४च घ्या. दिवे वाटेवर विखुरलेले असल्याने प्रत्यक्षात ड्रॉप आणखी कमी होईल. ड्रायव्हर कॉन्स्टंट व्होल्टेजचा (व्होल्टेज एकसारखं ठेवणारा), आउटपुट मेन्सपासून आयसोलेटेड (पूर्ण वेगळं) असलेला आणि त्यावर 'एसईएलव्ही' (म्हणजे सुरक्षित, अगदी कमी व्होल्टेज) लिहिलेलं असलेला बघा. ३० वॅटला ४०-४५ वॅटचा घ्या, म्हणजे तापणार नाही. आउटपुटची बाजू अर्थला जोडू नका. आरसीसीबी मात्र तरीही बसवून घ्याच, परवानाधारक माणसाकडून. तो एमसीबीच्या जोडीला लागतो, बदली नव्हे.

जॉइंट जमिनीखाली करूच नका. सगळा घोळ तिथेच होतो. केबल पहिल्या दिव्यात वर घ्या, तिथेच जोडा आणि तिथून पुन्हा खाली पुढच्या दिव्याकडे न्या. दिव्यात जागा नसेल तर जमिनीच्या वर आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाऊ देणारा) बॉक्स, केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत, आणि जेल भरलेले कनेक्टर. नुसती टेप टिकत नाही. दिवा पेटला की बॉक्समधली हवा तापून बाहेर जाते, विझला की थंड होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. असं रोज होतं. आतून तांबं हिरवं पडलेले बॉक्स मी उघडलेत, बाहेरून अगदी कोरडे दिसत होते.

प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. एकच शंका राहिली. केबल फुलझाडांच्या वाफ्यातून नेली तर अंतर वाचतं. चालेल का?

प्रतिसाद:

नको. वाफा खणला जातो, कधीतरी कुदळ लागेलच. वाटेच्या कडेने पाइपातून न्या आणि चर बुजवण्याआधी मोजायची टेप टाकून फोटो काढून ठेवा. पायऱ्यांचे दिवे गुडघ्याच्या खाली, उजेड खाली पायरीवर पडेल असे लावा. समोरून डोळ्यांवर उजेड आला तर वयस्कर माणसाला कड आणखीच दिसत नाही. कायमचे पक्के करण्याआधी रात्री नुसते ठेवून आई-बाबांना एकदा चालवून बघा.