जर्मन 'गुटे पार्टी' म्हणजे आपलं 'स्थळ'च का?

जर्मन लेखक फोन्टानेची 'एफी ब्रीस्ट' (१८९५) ही कादंबरी वाचतेय, शेजारी शब्दकोश. त्या काळच्या जर्मनांत लग्नाचा विषय निघाला की 'गुटे पार्टी' असतेच. कोशात अर्थ दिलाय 'लाभदायक विवाहसंबंध'. असं कोण बोलतं? 'चांगलं स्थळ' चालेल का?

— चालेल काय, धावेल! एफीचंच बघा. सतरा वर्षांची पोर बागेत मैत्रिणींशी खेळतेय, आई आत बोलावते, तर अडतीस वर्षांचे इनश्टेटन मागणी घालायला हजर. हे गृहस्थ एकेकाळी आईच्याच प्रेमात होते! तेव्हा ना वय ना हुद्दा, म्हणून तिनं ब्रीस्टांच्या, म्हणजे एफीच्या वडिलांच्या, गळ्यात माळ घातली. आता जिल्ह्याचे मोठे अधिकारी झालेत. आई लेकीला सांगते, नाही म्हणाली नाहीस तर इतर बायका चाळिशीत जिथे पोचतात तिथे तू विशीतच असशील. हे 'सांगून आलेलं स्थळ' नाही तर काय? नवरा योग्य आहे ना, असं मैत्रीण विचारते, तर एफी म्हणते, योग्य कुणीही असतो. फक्त खानदानी हवा, हुद्दा हवा, दिसायला बरा हवा.

— एक शंका. 'स्थळ' म्हटलं की अख्खं घर डोळ्यांपुढे येतं, सासूच्या स्वभावासकट. 'पार्टी'त पैसा आणि पत यांचाच वास जास्त. 'पार्टी मालदार आहे' असं आपण गिऱ्हाइकाबद्दल म्हणतो ना, साधारण तसा.

— शिवाय पत्त्यांचा डाव, बुद्धिबळाचा डाव, गावाबाहेरची सहल, सगळ्यांना जर्मनमध्ये 'पार्टी'च. फोन्टानेच्याच 'इरुंगन, विरुंगन'मध्ये (१८८८) सरदारघराण्यातला बोटो गरीब घरच्या लेनेबरोबर नदीकाठी सहलीला जातो, आणि लग्न करतो श्रीमंत केटेशी. घरची जमीन कर्जात, आईचं पत्र आलेलं. सहल एकीबरोबर, स्थळ दुसरीचं. मराठीत हा श्लेष मेलाच.

— मग लेनेशी जे होतं त्याला काय म्हणायचं? जर्मन शब्द 'फेरहेल्टनिस'.

— 'लफडं' नको! त्यात लपवाछपवी आणि टवाळी येते. लेनेला पहिल्यापासून ठाऊक असतं की हे टिकणार नाही, आणि ती ते बोटोला तोंडावर सांगते. मी 'संबंध' लिहीन, तोही जरा कोरडाच.

— बरं. 'स्थळ' पेननं लिहिलंय, 'संबंध' पेन्सिलीनं.