'निघण्याचा विचार करावा', याला सल्ला म्हणायचं का?

नांदेडकर
शेजाऱ्यांची मुलगी एमबीबीएसला किर्गिझस्तानात, बिश्केकला निघालीय. काल चहाला गेलो तर बोलणं युक्रेनवर आलं. मी कीव्हच्या आपल्या दूतावासाची १५ फेब्रुवारी २०२२ची सूचना काढून दाखवली. ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघण्याचा विचार करावा. विचार करावा! डॉक्टर व्हायला गेलेलं पोर स्वतःला 'अनावश्यक' कशाला ठरवेल? विद्यापीठाच्या उत्तरासाठी थांबू नका, निघा, हे कळवलं २२ला. २४ला पहाटे हल्ला झाला, विमानं बंद. अमेरिकेने आपल्या लोकांना ११लाच सांगितलं होतं, २४ ते ४८ तासांत बाहेर पडा.

खडूस_काका
असहमत. १५ला 'निघा' म्हटलं असतं आणि युद्ध झालंच नसतं, तर 'सरकारने पोरांचं वर्ष बुडवलं' हा धागाही तुम्हीच काढला असता. खुद्द झेलेन्स्की जानेवारीअखेर घबराट पसरवू नका म्हणत होते. आणि घरोघरचे आईबाप काय म्हणत होते ते आठवा: एवढे पैसे भरलेत, परीक्षा देऊनच ये.

सहावं_सेमिस्टर
मी खारकीव्हला होते. आईबाबांनी थांबवलं नाही, हजेरीने थांबवलं. बुडालेला प्रत्येक तास नंतर भरून काढायचा, त्याला आम्ही तिकडच्याच शब्दात 'अत्राबोत्का' म्हणायचो. डीन ऑफिसचं उत्तर एकच, वर्ग चालू राहतील. तिकिटाचे दर रोज वर. मी २७चं तिकीट काढलं होतं, हसू नका.

२ मार्चची सूचना मात्र स्पष्ट होती: संध्याकाळी सहाच्या आत खारकीव्ह सोडा, गाडी नसेल तर चालत, पिसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्काला. पिसोचिन ११ किलोमीटर. आदल्याच दिवशी आमच्या शहरात कर्नाटकचा एक विद्यार्थी मारला गेला होता. बर्फातून चाललो. त्या चालण्याबद्दल आणखी लिहीत नाही.

म्हणून काका, शब्द कडक की मऊ हा वाद मला अर्धाच वाटतो. दूतावासाने विद्यापीठांकडून 'गैरहजेरी लागणार नाही' असं लेखी घेतलं असतं, तर मऊ शब्दांवरही निम्मा वर्ग निघाला असता.

खडूस_काका
परक्या देशाच्या विद्यापीठाने आपल्या दूतावासाचं का ऐकावं? आणि सरकारच्या ऑपरेशन गंगा या सुटका मोहिमेत अठरा हजारांच्या आसपास लोक परत आणले, तेही बोला की.

नांदेडकर
आणले, मान्य. पण ते रोमानिया, पोलंड, हंगेरीतून. सीमेपर्यंत पोरं बहुतेक स्वतःच पोचली.

सहावं_सेमिस्टर
@खडूस_काका, ऐकलं नसतंही. पण निदान नकार आमच्या हातात पडला असता.
@नांदेडकर, बिश्केकची गोष्ट उलटी होऊ शकते. मे २०२४मध्ये तिथे जमावाने परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले केले, तेव्हा दूतावासाचा सल्ला होता खोलीबाहेर पडू नका. तिला सांगा, पोचल्या आठवड्यात दूतावासात नाव नोंदव, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे फीच्या खात्यात ठेवू नकोस.