मंगल कार्यालयाच्या पटांगणात गाडी उलटी लावायची सक्ती असावी का?

टिळकवाडीकर (धागा सुरू)

तुळशीची लग्नं आटोपली की आपल्याकडं कार्यालयांची पटांगणं भरायला लागतात. बेळगाव असो, खानापूर असो की चिकोडी, चित्र एकच. येताना मुहूर्त गाठायचा असतो म्हणून जो तो तोंड आत घालून गाडी लावतो. दुपारी पंगत उठली की शे-दीडशे गाड्या एकदम रिव्हर्समध्ये बाहेर पडतात, आणि पोरं नेमकी त्याच वेळी गाड्यांच्या मधून पळत असतात.

माझं म्हणणं असं की कार्यालयवाल्यांनी सक्तीच करावी. डिकी भिंतीकडं, तोंड वाटेकडं. गाडी एकदा तरी मागं घ्यावीच लागते ना? मग ती रिकाम्या जागेत घ्या. ती जागा आपण समोरून जाताना डोळ्यांनी बघितलेली असते. निघताना मागं घेणं म्हणजे माणसांनी भरलेल्या वाटेवर न बघता गाडी ढकलणं. शेजारी दोन उंच गाड्या असल्या तर आपल्या डोळ्यांना वाट दिसायच्या आत गाडीचा दोन-सव्वादोन मीटर भाग वाटेवर गेलेला असतो.

खात्री करायची असेल तर घरासमोर करून बघा. 20 लिटरचा पाण्याचा जार बंपरच्या मागं ठेवा आणि सीटवर बसून मागच्या काचेतून बघा. जार दिसत नाही. आता दुसऱ्याला तो मागं मागं सरकवायला सांगा. साध्या हॅचबॅकमध्येही झाकण दिसेपर्यंत जार पाचेक मीटर लांब जातो. डिकीच्या दारावर स्टेपनी टांगलेली असली तर आणखी लांब. खाली बसून चपलेचा पट्टा लावणारं तीन वर्षांचं मूल त्या जारापेक्षा फारसं उंच नसतं.

निपाणीकर

सक्तीला माझा विरोध आहे. जाराचं सांगितलं ते सगळं मान्य, पण तुम्ही फक्त आतलं बघताय. फाटकाबाहेर काय होतं तेही धरा.

तोंड आत घालून लावायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. उलटी लावायला हात बसलेल्या माणसालाही अर्धा मिनिट लागतो, आणि नवख्याचं तीनदा पुढं-मागं होतं. मुहूर्ताच्या आधीच्या वीस मिनिटांत सगळ्या गाड्या येतात. मधली वाट एकच असली की एक जण उलटी लावेपर्यंत मागची रांग थांबते. ती फाटकातून बाहेर निघून रस्त्यावर येते. आमच्याकडं हमरस्त्याच्या सर्व्हिस रोडवर उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात. भरलेली ट्रॉली ब्रेक मारल्यावर जागेवर थांबत नाही. आत बंपर घासणं आणि बाहेर उभ्या गाडीला मागून ट्रॉली बसणं, यातलं आधी काय टाळायचं ते तुम्हीच सांगा.

दुसरं म्हणजे तिरकी रांग. 45 अंशांत आखलेली, एकेरी वाटेची जागा तोंड आत घालण्यासाठीच असते. तिथं उलटी लावली तर निघताना तोंड येणाऱ्या गाड्यांकडं होतं, म्हणजे सक्तीनंच उलट दिशेला पाठवल्यासारखं. शिवाय लग्नघरच्या गाड्यांत आहेर, भांडी, फुलांच्या पाट्या असतात. डिकी भिंतीला टेकवली की ती उघडायची कशी? दार वर घेऊन माणूस उभा राहायचा तर हातभर जागा पुरत नाही, मीटरभर लागते.

खानापूरकर

निपाणीकर अण्णा, उलटी लावायला वेळ लागतो तो बहुतेक वेळा पद्धत माहीत नसल्यानं. लोक जागेच्या फार जवळून जातात, मग कोन मिळत नाही. जागा डाव्या हाताला आहे असं धरून सांगतो.

रांगेतल्या गाड्यांपासून मीटर-सव्वामीटर अंतर ठेवून हळू पुढं जायचं. इंडिकेटर आधीच चालू, म्हणजे मागचा अंगावर येत नाही. आपला खांदा रिकाम्या जागेच्या मध्यावर आला की स्टेअरिंग पूर्ण उजवीकडं, आणि गाडी 45 अंशांत तिरकी होईपर्यंत पुढं. थांबायचं. रिव्हर्स टाकायचा, आधी मान वळवून दोन्ही खांद्यांवरून बघायचं, मग स्टेअरिंग पूर्ण डावीकडं आणि हाफ क्लचवर मागं. दोन्ही आरशांत शेजारच्या गाड्यांच्या कडा समांतर दिसल्या की स्टेअरिंग सरळ. डावा आरसा तात्पुरता खाली वळवून मागचं चाक दिसेल असा ठेवला तर रेष कळते. काम झालं की तो परत वर करायला विसरू नका.

एवढं करताना चुकतं कुठं? मागं घेताना सगळे मागंच बघतात, आणि गाडीचं नाक बाहेरच्या बाजूला झोकतं याचं भान राहत नाही. डावीकडं वळत मागं गेलात की उजवा पुढचा कोपरा वाटेवर फिरतो. तिथून जाणारा दुचाकीवाला त्यातच सापडतो.

सेन्सरवर विसंबू नका. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, चांगलंच आहे. पण बारीक खांब, मांडवाची तिरकी दोरी, बंपरखालचा दगड त्यांना बरेचदा कळत नाही. आमच्याकडच्या पावसात तांबड्या चिखलाचा थर बसला की सेन्सर एक तर सतत ओरडतो, नाहीतर गप्प. कॅमेऱ्याच्या भिंगावर थेंब साचला की चित्र पुसट होतं. निघण्यापूर्वी अंगठ्यानं पुसायचं, दोन सेकंदांचं काम आहे.

शहापूरवाली

तोंड आत की बाहेर यावर सगळे बोलताहेत. पटांगणात चालणाऱ्यांना वाटच नसते, त्यावर कोणी बोलणार आहे का? पैठणी नेसलेली बाई, हातात पोर, मागं काठी टेकत आजोबा. ही माणसं गाडीच्या वाटेवरूनच चालणार, त्यांना दुसरी जागा ठेवलेलीच नाही.

आधी वेगाचं बोला. ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. पोरगं मध्ये आलंय हे कळून पाय ब्रेकवर जायला सेकंदभर लागतो. तेवढ्यात गाडी आपल्या लांबीहून जास्त पुढं गेलेली असते, ब्रेक लागायचा अजून बाकीच. ताशी 8-10 ठेवला तर तेच अंतर अडीच मीटरच्या आसपास येतं. पहिला गिअर, पाय ब्रेकवर, बस. आणि काचा थोड्या खाली, गाणी बंद. आरशात दिसायच्या आधी माणूस कानाला कळतो.

दार उघडण्याचंही तेच. उजव्या हातानं दार ढकललं की मान समोरच राहते. ड्रायव्हरनं डाव्या हातानं दाराची कडी ओढायची, म्हणजे खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी दुचाकी दिसते. डाव्या बाजूला बसलेल्यांनी उजवा हात वापरायचा. मागं बसलेल्या पोरांना हे शिकवा, आणि चाइल्ड लॉक लावूनच ठेवा.

अथणीकर

पेव्हर ब्लॉकचं पटांगण सगळ्यांच्या नशिबी नसतं. चिंचलीच्या मायाक्काची जत्रा किंवा सौंदत्तीच्या डोंगरावरची पौर्णिमा धरा. गाड्या शेतातच लावाव्या लागतात. तिथला हिशेब वेगळा.

काळ्या मातीत थोडा जरी पाऊस पडला की चाक फिरतं आणि गाडी रुतते. बहुतेक मोटारींची ओढणारी चाकं पुढं असतात, त्यामुळं ती वाटेकडच्या दबलेल्या, टणक मातीवर राहिलेली बरी. म्हणून उलटी लावणं शेतात फायद्याचं. पण बोलेरो किंवा छोटा हत्ती घ्या, ओढ मागच्या चाकांची. ती चाकं बांधाकडच्या भुसभुशीत मातीत गेली की मग ट्रॅक्टरच बोलवा. त्यांनी तोंड आत घालावं. सक्ती केली तर हा फरक कोण बघणार?

तुरीची धसकटं काढलेली नसतील तर त्या शेतात गाडी घालूच नका, ती टायरला कडेनं भोसकतात. आणि वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याच्या चुऱ्यावर गरम गाडी उभी करू नये. सायलेन्सरची नळी नुसती गरम नाही, तापलेल्या तव्यासारखी असते. खाली गवत टेकलं की पेटतं. कुदळीनं खालची चार हात जागा तासून घेतलेली बरी.

टिळकवाडीकर

अथणीकर, शेताबद्दल तुमचं पटलं, तिथं सक्ती नको. पण पक्क्या पटांगणाला मी अजून अडून आहे.

निपाणीकर म्हणतात तशी फाटकावर रांग होते, कारण सगळे पहिल्या दिसेल त्या जागेत शिरतात. पहिल्या गाड्यांना सगळ्यात आतल्या टोकाला पाठवा, म्हणजे उलटी लावणाऱ्याच्या मागं थांबलेली रांग आवारातच मावते. आहेराच्या गाड्यांना दाराजवळ चार जागा वेगळ्या ठेवा, तोंड आत घालून. बाकीच्या पाहुण्यांच्या डिकीत काय असतं? एक पिशवी.

उतारावर उभ्या केलेल्या गाड्यांचंही सांगतो. तोंड चढाकडं असेल तर पहिला गिअर, उताराकडं असेल तर रिव्हर्स. ब्रेकवर पाय ठेवून आधी हँडब्रेक, मग पाय सोडून गाडी हँडब्रेकवर धरते का बघा, मग गिअर. चाकाखाली दगड लावलात तर निघताना उचलून कडेला टाका. तो वाटेत राहिला की रात्री दुचाकीवाला त्यावरच पडतो. गाडी सोडून जाताना इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, हे 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 126 व्या कलमातच आहे. "एका मिनिटात येतो" म्हणून चालू गाडीत पोरांना ठेवून जाणं त्यात बसत नाही.

निपाणीकर

आतल्या टोकापासून भरायचं, हे मान्य. पण ते सांगणारा माणूस लागतो आणि त्याला काम यायला लागतं. आपल्याकडं शिट्टी देऊन कोणालाही उभं करतात. तो थेट गाडीच्या मागं उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत डिकीवर थापा मारतो. मागं भिंत आणि मध्ये तो. ड्रायव्हरचा पाय क्लचवरून घसरला तर सुटायला जागा नाही.

त्यानं उजव्या मागच्या कोपऱ्यापासून दोन मीटर बाजूला, ड्रायव्हरच्या उजव्या आरशात दिसेल असं उभं राहायचं. आरशात तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं गाडी थांबवायची. हा नियम दोघांनाही ठाऊक हवा.

खानापूरकर

आणि शब्दांवर राहू नका, हात वापरा. एक जण कन्नडमध्ये "बरली, बरली" म्हणतो, दुसरा मराठीत तेच, "येऊ दे", गोव्याची गाडी असली की तिसरीच भाषा. शेवटी कन्नडवाला "साकु", म्हणजे "पुरे", ओरडतो तेव्हा आतल्याला "सरकू" ऐकू येतं. उघडा पंजा वर म्हणजे थांब. दोन तळहातांमधलं अंतर म्हणजे मागं उरलेली जागा. पाट्यांपेक्षा जमिनीवरचे बाण चांगले, ते कन्नड, मराठी, कोकणी सगळ्यांना वाचता येतात. चुन्याची फक्की पावसात वाहून जाते, तेव्हा मातीच्या पटांगणात खुंट्या ठोकून जाड सुतळी ताणा. गाडीला अडीच मीटर रुंदी धरा. त्यातली पावणेदोन मीटर गाडीच खाते, उरलेल्या पाऊण मीटरमध्ये दार उघडायचं असतं.

शहापूरवाली

त्याच सुतळीनं भिंतीच्या कडेनं दीड मीटरची चालायची वाट आखा, कार्यालयाच्या दारापर्यंत. दहा गाड्या कमी बसतील, बसू देत.

निपाणीकर

ताई, वाट हवीच. पण भिंतीच्या कडेनं नको. टिळकवाडीकरांच्या पद्धतीनं डिक्या भिंतीकडं आल्या की प्रत्येक गाडी मागं येताना तुमच्या वाटेवरच येणार. वाट दोन रांगांच्या मधे, गाड्यांच्या नाकांसमोर काढा, आणि दोन्ही बाजूंना चाक अडवणारे ठोकळे लावा. म्हणजे परत तोंड आत घालूनच लावावं लागतंय, बघा.