एम.एस्सी.च्या मुलांनी चालवलेला कॉम्बिनेटोरिक्स सेमिनार टिकवायचा कसा?

प्रश्न (शिरोबिंदू):
नमस्कार. आमच्या विभागात जुलैपासून दर आठवड्याला विद्यार्थ्यांनीच चालवायचा कॉम्बिनेटोरिक्सचा (मोजणी आणि रचनांच्या गणिताचा) सेमिनार सुरू करतोय. येणारे बारा-पंधरा जण, बहुतेक एम.एस्सी. पहिल्या वर्षाचे. याआधीचा असाच प्रयत्न दिवाळीच्या आत बंद पडला. शेवटी तेच तिघे बोलायचे आणि बाकीचे नुसते माना डोलवायचे. विषय कसे निवडावेत, वक्त्याकडून तयारी कशी करून घ्यावी?

उत्तर (खडूफळा):
एका सेमिनारला एकच प्रमेय घ्या आणि ते पूर्ण सिद्ध करा. "रॅम्झी सिद्धांताची ओळख" हा विषय देऊच नका, कारण त्यात वक्ता व्याख्यांतच अडकतो. त्याऐवजी "चार-चारची रॅम्झी संख्या १८ आहे" एवढंच द्या. म्हणजे बिंदूंच्या प्रत्येक जोडीमधली कड लाल किंवा निळी रंगवली, तर एकाच रंगाचा चौकडा (सगळे एकमेकांना जोडलेले चार बिंदू) हमखास मिळायला किमान १८ बिंदू लागतात. हे ७५ मिनिटांत बसतं आणि त्यात खरी खाच आहे. तीन-चारसाठी, म्हणजे लाल त्रिकोण किंवा निळा चौकडा यासाठी, नेहमीच्या असमतेने तीन-तीनचे ६ आणि दोन-चारचे ४ मिळून ६ + ४ = १० मिळतात. तिथेच थांबलात तर चार-चारसाठी २० येतात, १८ नाही. १० चे ९ करायला समविषमतेचा युक्तिवाद लागतो. ९ बिंदूंवर लाल त्रिकोण नाही आणि निळा चौकडा नाही असं माना. मग एका बिंदूला लाल कडा ३ पेक्षा जास्त असू शकत नाहीत आणि निळ्या ५ पेक्षा जास्त नाहीत. एकूण कडा ८, म्हणजे लाल बरोबर ३. पण ९ × ३ = २७ ही विषम संख्या, आणि लाल कडांच्या टोकांची बेरीज सम यायला हवी. वक्ते ही पायरी "सहज दिसतं" म्हणून गाळतात. खालच्या बाजूसाठी, म्हणजे १७ बिंदू पुरत नाहीत हे दाखवायला, १७ बिंदू वर्तुळावर घ्या आणि अंतर १, २, ४ किंवा ८ असेल तर लाल कड काढा, नाहीतर निळी. एकरंगी चौकडा का नाही हे श्रोत्यांकडूनच तपासून घ्या.

उत्तर (वर्तुळक्रम):
वरच्या मताशी सहमत. तयारीबद्दल सांगतो. सेमिनारच्या दोन-तीन दिवस आधी वक्त्याने एका सहकाऱ्यासमोर फळ्यावर पूर्ण सिद्धता करायची, हातात कागद न घेता. स्लाइड नकोतच, स्लाइडवर पाचव्या ओळीपासून कोणी काही पडताळत नाही. सहकाऱ्याचं काम एकच: प्रत्येक गृहीतक कुठे वापरलं ते विचारणं. उदाहरणार्थ एर्डिश-को-राडो प्रमेयाची (सारख्या आकाराचे, दोन-दोन घेतले तरी एकमेकांना छेदणारे संच जास्तीत जास्त किती असू शकतात) कटोनाची सिद्धता, ज्यात घटक वर्तुळावर मांडून सलग घटकांचे कंस पाहतात. त्यात "संचाचा आकार एकूण घटकांच्या निम्म्याहून जास्त नाही" ही अट नेमकी कुठे लागते? एका कंसाला छेदणाऱ्या इतर कंसांच्या जोड्या लावतो तिथे. जोडीतले दोन कंस परस्परांना छेदत नाहीत, म्हणून जोडीतून एकच घेता येतो, आणि ते न छेदणं या अटीमुळेच होतं. हे उत्तर वक्त्याला पटकन आलं नाही तर तारीख पुढे ढकला.

खोलीचं आरक्षण सत्राच्या सुरुवातीलाच एका प्राध्यापकांच्या सहीने करून ठेवा. पण प्राध्यापक पहिल्या रांगेत बसले की मुलं प्रश्न विचारत नाहीत. शेवटची पंधरा मिनिटं त्यांना बोलवा.

शिरोबिंदू:
आभार. आपल्याकडचं काही घेता येईल का? आणि हाओ हुआंगची २०१९ ची सिद्धता पहिल्या वर्षाला झेपेल?

उत्तर (खडूफळा):
श्रीखंडे ग्राफ (ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा) घ्याच. शरदचंद्र श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. हा ग्राफ १९५९ चा. ४ × ४ चा पट घ्या, त्याच्या समोरासमोरच्या बाजू परस्परांना जोडलेल्या समजा, आणि दोन घरांच्या स्थानांतला फरक (१,०), (०,१), (१,१) किंवा यांची ऋण रूपं असतील तर घरं जोडा. प्रत्येकाला ६ शेजारी, कोणत्याही दोघांचे २ समाईक. बुद्धिबळातल्या हत्तीच्या चालींचा ४ × ४ ग्राफही तंतोतंत असाच, तरी दोन्ही वेगळे. एका बिंदूचे शेजारी आपापसांत कसे जोडलेत ते काढा: इथे षटकोन मिळतो, हत्तीच्या ग्राफमध्ये दोन सुटे त्रिकोण. सगळ्यांना हातात पेन घेऊन बसवणारा विषय आहे.

हुआंगही झेपेल, बी.एस्सी.चं रेषीय बीजगणित पुरे. विधान असं: न मितींच्या घनाचे निम्म्याहून जास्त कोपरे (बिंदू) निवडले, तर त्यांतल्या एखाद्याला निवडलेल्यांतच किमान √न शेजारी असतात. घनाच्या कडांना धन-ऋण चिन्हं लावून अशी सारणी (मॅट्रिक्स) रचायची, जिचा वर्ग म्हणजे एकक सारणीची न पट. दोन मितींच्या चौकोनात चारांपैकी एकच कड ऋण आहे, त्यामुळे समोरच्या कोपऱ्याकडे जाणारे दोन मार्ग एकमेकांना रद्द करतात. हे चित्र आधी काढा. मूळ सिद्धतेतलं आयगेनमूल्यांचं गुंफण प्रमेय टाळता येतं. √न च्या आयगेनअवकाशाची (सारणीने गुणल्यावर √न पट होणाऱ्या सदिशांच्या अवकाशाची) मिती एकूण बिंदूंच्या निम्मी असते. निवडलेले बिंदू निम्म्याहून एकाने जास्त आहेत, म्हणून फक्त त्यांच्यावरच शून्येतर असलेला एक सदिश त्या अवकाशात सापडतोच. त्याचा केवलमूल्याने सर्वांत मोठा घटक ज्या बिंदूवर, त्या बिंदूला निवडलेल्यांत किमान √न शेजारी. बूलियन फलांशी (ज्यांचं उत्तर फक्त ० किंवा १ असतं) असलेलं नातं मात्र फक्त विधान म्हणून सांगा, त्याच्या सिद्धतेसाठी वेगळा आठवडा ठेवा.